दोन दिवसांत न उगवणारे जंतू

धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात तापाचा रुग्ण आला की आधी बोटाला टोचून मलेरिया बघितला जातो. गडचिरोली हा महाराष्ट्रातला मलेरियाचा जिल्हा, आणि धानोरा त्यातला नेहमीचा तालुका, तेव्हा हा क्रम बरोबरच आहे. मलेरिया निघाला नाही आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना असला, तर बेडका क्षयाच्या तपासणीला जातो. तेही बरोबर. हे प्रकरण त्यापुढच्या रुग्णाविषयी आहे. त्याला मलेरिया नाही. क्षयाची औषधं घेऊन झाली, पण गुण आलेला नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग आहे, वजन घटत चाललंय. गडचिरोलीहून त्याला नागपूरच्या ‘मेडिकल’ कॉलेजच्या रुग्णालयात पाठवलं, तिथे तुकडा काढला आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला. केमो सुरू झाली, दोन डोस झाले, रुग्ण गावी आला आणि पुन्हा तापला. आता हा ताप कशाचा?

‘गाठच वाढली असेल,’ असं घरचे म्हणतात. गावात तर आता काही उरलं नाही, असं परस्पर ठरूनही जातं. कर्करोगामुळेही ताप येतो, हे खरं आहे. तरी अशा रुग्णाचा नवा ताप आधी जंतुसंसर्गाचा धरायचा, आणि संसर्ग नाही याची खात्री पटल्यावरच तो गाठीच्या खात्यावर टाकायचा, ही वैद्यकातली जुनी आणि शहाणी रीत आहे. कारण साधं आहे: संसर्ग बरा होऊ शकतो. ज्या जंतूंविषयी मी इथे लिहितो आहे ते विरळ आहेत, पण त्यातल्या बहुतेकांवर औषध आहे. त्यांपैकी काहींवरचं मुख्य औषध तर गडचिरोलीच्या खेड्यांत गावातली माणसं १९८८ पासून वापरू लागली. त्याकडे पुढे येतोच.

कर्करोगाचं फुप्फुस जंतूंच्या तावडीत इतक्या सहज का सापडतं, ते आधी पाहू. निरोगी श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांची लव असते. ती रात्रंदिवस हलत राहते आणि धूळ-जंतू चिकटलेला कफ वर घशाकडे ढकलते. वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्याची ही लव जळून गेलेली असते. त्यात गाठ नळीच्या तोंडाशी वाढली की तिच्यामागच्या भागातला कफ बाहेर पडायची वाटच बंद होते. सांडवा बुजलेल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पाणी कुजावं तसा तो कफ तिथे कुजतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होण्याचं हे कारण, आणि म्हणूनच चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बिडी ओढणाऱ्याला त्याच जागी दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तर तिथे गाठ आहे का हे बघितलंच पाहिजे.

पुढचा घाव उपचारांचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वात खाली जातात. जंतू आत आला तरी त्याला गिळायला शिपाई नसतात. पू धरत नाही, एक्स-रेवर डाग नीट दिसत नाही, खोकलाही फारसा नसतो. दिसतो फक्त ताप. त्यावर स्टेरॉइड असेल तर प्रतिकार आणखी ढिला पडतो. मेंदूत पसरलेल्या गाठीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन द्यावंच लागतं आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली असतं. पण खेड्यापाड्यांत दम लागला, अंग दुखलं म्हणून परवाना नसलेले ‘डॉक्टर’ हेच इंजेक्शन सर्रास टोचतात, त्याची नोंद कुठेच होत नाही. रुग्णाला तासाभरात बरं वाटतं, आणि फुप्फुसातल्या जंतूलाही मोकळं रान मिळतं.

अशा फुप्फुसात बहुतेक वेळा ओळखीचेच जंतू सापडतात: न्यूमोकोकस, क्लेब्सिएला, स्युडोमोनास आणि आपल्याकडे अर्थातच क्षयाचा जंतू. त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थांबत नाही. माझं लक्ष आहे ते नोकार्डियाकडे.

नोकार्डिया मातीत राहतो. एदमाँ नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ मध्ये तो ग्वादलुपच्या गुरांमध्ये शोधला, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. आपल्याकडे याच्या गोत्राची ओळख वेगळ्या वाटेने झाली. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचे पाय सुजतात, त्यांना भोकं पडतात आणि पुवातून बारीक दाणे बाहेर येतात. या रोगाला ‘मदुरा फूट’ म्हणतात आणि नोकार्डिया हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक. या रोगावरचा पहिला मोठा ग्रंथ हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८७४ मध्ये लिहिला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारे ते हेच कार्टर. त्यांची हयात मुंबई इलाख्यात गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं आणि साताऱ्याला ते सिव्हिल सर्जन होते. म्हणजे हा जंतू आपल्या मातीला नवा नाही. पायातून शिरला की तो पाय खातो. धुळीबरोबर फुप्फुसात गेला तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. दुबळ्या फुप्फुसात मात्र तो मूळ धरतो.

सूक्ष्मदर्शकाखाली नोकार्डिया फार वेगळा दिसतो. बारीक, काटकोनात फाटे फुटलेले धागे, आणि त्या धाग्यांवर रंग सलग न बसता मण्यामण्यांसारखा बसलेला. एकदा पाहिला की विसरता येत नाही, पण तो दिसण्यासाठी कोणीतरी त्याला शोधत असावं लागतं. क्षयासाठी बेडका रंगवताना लाल रंग देऊन मग तीव्र आम्लाने धुतात. क्षयाचा जंतू रंग धरून ठेवतो, बाकीचे सोडतात. नोकार्डिया अर्धवट धरतो. नेहमीच्या तीव्रतेच्या आम्लाने त्याचा रंग बहुतेक वेळा धुऊन जातो आणि अहवाल येतो ‘निगेटिव्ह’. कधी थोडा रंग राहतो, आणि लाल काहीतरी दिसलं म्हणून रुग्णाला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. आम्ल अगदी सौम्य, म्हणजे १ टक्क्याचं वापरलं, तर धागे लालच राहतात. फरक एवढाच, पण तो प्रयोगशाळेला सांगावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. बेडका प्लेटवर पसरून उबेत ठेवतात, त्याला कल्चर म्हणतात. न्यूमोनियाचे नेहमीचे जंतू एका-दोन दिवसांत उगवतात, म्हणून ४८ तासांनी प्लेट पाहून ‘वाढ नाही’ असं लिहायचं आणि ती टाकून द्यायची, ही बहुतेक प्रयोगशाळांची रीत. नोकार्डिया दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही उगवतो. उगवला की खडूसारखे कोरडे, पांढुरके ठिपके दिसतात आणि त्यांना पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. (प्लेट कधीही हुंगू नये, हे लगेच सांगून ठेवतो, का ते पुढे येईल.) म्हणजे दोन दिवसांत टाकलेल्या प्लेटबरोबर निदानही कचऱ्यात जातं. या जंतूला आपण विरळ म्हणतो त्यातला काही भाग खरा आहे; काही भाग त्या टाकून दिलेल्या प्लेटांचा आहे असं माझं ठाम मत आहे.

ही चूक का महागात पडते ते ऐका. फुप्फुसातून नोकार्डिया रक्तावाटे पसरतो तेव्हा सर्वात जास्त वेळा मेंदूत जातो आणि तिथे गळू करतो. फुप्फुसात गाठ आणि मेंदूत एक-दोन गोल डाग, हे स्कॅनवर पाहिलं की कोणाच्याही मनात पहिल्यांदा चौथ्या टप्प्याचा कर्करोगच येणार. ज्याला फुप्फुसाचा कर्करोग आधीच सिद्ध झाला आहे त्याच्याबाबतीत तर शंकाही येत नाही. अशा रुग्णाला ‘आता घरी घेऊन जा’ असं सांगितलं जाऊ शकतं, आणि त्याच्या मेंदूत मात्र औषधाने विरघळणारा पू असू शकतो. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत असे रुग्ण नोंदलेले आहेत. उलटही नोंदलेलं आहे: कर्करोग समजून शस्त्रक्रिया केली आणि आत फक्त नोकार्डिया निघाला.

म्हणून फुप्फुसातून किंवा मेंदूतून तुकडा काढला जातो तेव्हा एक छोटी गोष्ट निर्णायक ठरते. तुकडा काढला की तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, कारण कर्करोग पाहण्यासाठी तेच लागतं. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मेलेला जंतू प्लेटवर उगवत नाही. तुकड्याचा थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवून कल्चरला पाठवला, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टोचण्यात मिळतात. त्याला जास्तीचा खर्च जवळजवळ नाही. फक्त सुई टोचायच्या आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं.

आता औषध. नोकार्डियावरचं पहिलं औषध आहे को-ट्रायमोक्सॅझोल, दोन जुन्या औषधांची एक स्वस्त गोळी. मेंदूत पसरला असेल तर त्याच्या जोडीला इंजेक्शनं लागतात, आणि उपचार सहा महिने ते वर्षभर चालतो. हीच ती गोळी. १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत मुलांच्या न्यूमोनियावर प्रयोग सुरू केला. आज या संस्थेचं शोधग्राम धानोरा तालुक्यातच, चातगावजवळ आहे. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्सॅझोल द्यायला शिकवलं गेलं. प्रयोगाच्या ५८ गावांत त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के राहिलं. तुलनेसाठीच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

त्या प्रयोगातलं एक साधन मला फार मोलाचं वाटतं. बऱ्याच दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक श्वासमापक बनवला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची रांग. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. शिक्षण नसलेल्या बाईच्या हातात निदान आलं आणि मुलं वाचली. तिथे औषध आधीपासून होतंच, उणीव होती ती ओळखण्याची. कर्करोगाच्या रुग्णाच्या विरळ संसर्गातही अडचण नेमकी तीच आहे, फक्त इथे मण्यांनी काम भागत नाही, प्रयोगशाळा लागते. आणि गोळी स्वस्त आहे म्हणून ती आपल्या मनाने घ्यायचीही नाही: तिने रक्तपेशी घटू शकतात, पोटॅशियम वाढू शकतं, आणि जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. केमो चालू असलेल्या रुग्णाला ती डॉक्टरांनी रक्त तपासूनच द्यावी.

दुसरा जंतू मेलिओइडोसिसचा, बर्कहोल्डेरिया स्युडोमलाय. रंगूनमध्ये १९११ च्या सुमारास अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या निराधारांची शवविच्छेदनं करताना तो शोधला. भारतातला पहिला रुग्ण महाराष्ट्रातला: मुंबईतलं एक लहान मूल, ज्याची हकीकत १९९१ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आली. त्यानंतर कर्नाटक आणि तमिळनाडूतून बरेच रुग्ण पुढे आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा रोग होतो आणि ८९ हजार दगावतात; यातला ४४ टक्के भार दक्षिण आशियाचा. हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वर येतो, पायाच्या चिरांतून किंवा श्वासातून शिरतो. भाताची रोवणी करणारे त्याचे नेहमीचे बळी. मधुमेह हे सर्वात मोठं निमित्त, पण कर्करोग आणि स्टेरॉइडही त्या यादीत आहेत. झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात माणसं दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभी असतात, तेव्हा इथल्या डॉक्टरांच्या ओठांवर हे नाव असायलाच हवं.

हा रोग क्षयासारखा दिसतो: वरच्या भागात पोकळी, बारीक ताप, वजन घटणं. कर्करोगासारखाही दिसतो. प्रयोगशाळेत त्याचा जंतू उगवतो, पण त्याला स्युडोमोनासचा भाऊबंद किंवा बाहेरून मिसळलेला जंतू समजून सोडून दिलं जातं. रंगवल्यावर तो दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखा दिसतो. जेंटामायसिनला सहसा दाद देत नाही, हाही एक सुगावा. प्लेट हुंगू नका म्हटलं ते याच्यामुळे: प्रयोगशाळेतल्या माणसालाही तो श्वासावाटे लागू शकतो. उपचारात किमान दहा ते चौदा दिवस सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेमची इंजेक्शनं, आणि मग किमान तीन महिने पुन्हा तीच को-ट्रायमोक्सॅझोल. मध्येच सोडली की रोग उलटतो.

अ‍ॅक्टिनोमायसिस बाहेरून येत नाही, तो आपल्याच तोंडात असतो. दात किडलेले, हिरड्या सोलवटलेल्या असल्या की झोपेत लाळेबरोबर फुप्फुसात उतरतो आणि सावकाश, महिनोन्महिने पसरत छातीच्या भिंतीतूनही आरपार जातो. गडचिरोली-चंद्रपुरात खर्र्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, किती तोंडांची दैना केली आहे हे वेगळं सांगायला नको. खर्रा म्हटला की लोकांना तोंडाचा कर्करोग आठवतो. त्याने खराब झालेल्या हिरड्या फुप्फुसालाही महागात पडू शकतात हे लक्षात येत नाही. या जंतूवर साधं पेनिसिलिन चालतं, फक्त ते सहा महिने ते वर्षभर द्यावं लागतं. केमो सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं, हा सल्ला याचसाठी.

क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ, म्हणजे माती-पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया, जुन्या आजाराने फाटलेल्या फुप्फुसात घर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयासारखेच लाल दिसतात. पण सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र थेट क्षयाच्या जंतूचा जनुकीय ठसा शोधतं. सूक्ष्मदर्शक ‘पॉझिटिव्ह’ आणि यंत्र ‘निगेटिव्ह’ असं आलं, तर यंत्र बिघडलंय म्हणून पुढे जाऊ नये. या चुलतभावांचा विचार करावा. त्यांची औषधं वेगळी आहेत.

रुग्णालयातच लागणारे काही जंतूही आहेत. स्टेनोट्रोफोमोनास मेरोपेनेमसारख्या भारी औषधाला जन्मतःच जुमानत नाही, आणि त्याच्यावरही को-ट्रायमोक्सॅझोल उपयोगी पडते. बर्कहोल्डेरिया सेपेशिया मुळात कांदा सडवणारा जंतू म्हणून १९५० मध्ये नोंदला गेला; तो नेब्युलायझरच्या ओल्या वाटीत आणि दूषित द्रावणात तग धरतो. घरी नेब्युलायझर असेल तर वाटी प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण कोरडी करा.

आता धानोऱ्यासारख्या ठिकाणी काय करायचं? केमोच्या रुग्णाचा ताप एकदा जरी १०१ अंशांवर गेला, किंवा १००.४ च्या वर तासभर टिकला, तर ती तातडीची वेळ आहे. रात्र असली तरी निघायचं. रुग्णालयात पोहोचल्यावर आधी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू करायचं. अहवालाची वाट पाहत औषध थांबवायचं नाही. नमुना आधी आणि औषध लगेच नंतर, या क्रमाला फक्त काही मिनिटं लागतात. गावातल्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन मग निघालं, तर ताप जरा उतरतो, जंतू प्लेटवर उगवत नाही आणि पुढे सगळे अंधारात चाचपडतात.

बेडका सकाळचा द्यावा, साध्या पाण्याने चूळ भरून, खोलवरून खोकून. लाळ चालत नाही. दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर तो गार ठेवावा लागतो. लसी नेण्याचा डबा प्रत्येक आरोग्य केंद्रात असतोच, त्या धर्तीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत तो गडचिरोलीपर्यंत नीट जाऊ शकतो. फाइलमध्ये शेवटच्या केमोची तारीख, स्टेरॉइडची इंजेक्शनं (गावातल्या ‘डॉक्टर’ने दिलेलीसुद्धा), साखरेचा आजार, पूर्वीचा क्षय आणि यंदा रोवणीला चिखलात उतरलात का, हे एका कागदावर लिहून ठेवा.

आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. नमुना कल्चरला गेला का? रुग्ण कर्करोगाचा आहे आणि नोकार्डिया, मेलिओइडोसिस शोधायचा आहे, हे प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहिलं का? आणि ती प्लेट दोन आठवडे ठेवायला सांगितली का?